जावयाची जोडणी

सारंगनं बटण पुन्हा दाबलं. भिंतीवरच्या खोक्यातला दिवा लुकलुकला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि पिवळा झाला. पिवळा म्हणजे पाहुणा. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

"आधी चहा घ्या," मागून आवाज आला. "बटण काय पळून जातंय होय."

शैलजामामी, म्हणजे सारंगच्या सासूबाई, कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्या स्वतः स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायच्या, मामाही पेल्यातूनच प्यायचे. कपबशी फक्त जावयाला. बशीत दोन बिस्किटं, आणि त्यातलं एखादं मोडकं निघालं तर मामी उलट्या पावली जाऊन अख्खं घेऊन यायच्या. सारंगला सांगलीच्या या घरात राहायला येऊन दोन वर्षं उलटली होती, तरी बिस्किट अजून अख्खंच लागत होतं.

"मामी, चहाचं राहू द्या. तुम्ही पण दाबा बरं एकदा."

मामींनी कपबशी टेबलावर ठेवली, पदराला बोट पुसलं आणि देवाला हळदकुंकू वाहावं तसं बटणाला बोट लावलं. दिवा झटकन हिरवा झाला. म्हणजे मामी घरच्या. त्यात नवल काही नव्हतं. अडलं होतं ते सारंगचं घोडं.

आणि ते शुक्रवारच्या आत सुटायला हवं होतं. मामा, म्हणजे सासरे, मिरजेच्या इस्पितळात होते. त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती आणि ती व्यवस्थित बसलीही होती. शुक्रवारी घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण एका अटीवर. छातीवर एक पट्टी चिकटवायची, ती हृदयाचे ठोके चोवीस तास इस्पितळाला कळवत राहणार, आणि काही कमीजास्त झालं तर घराचं दार आपोआप उघडून रुग्णवाहिकेच्या माणसांना आत घेणार. ही पट्टी घरच्या राउटरला आधी जोडून दाखवा, मग माणूस न्या. नाहीतर त्यांची खाट दुसऱ्याला देऊन मामांना जतच्या पलीकडल्या एका शुश्रूषाकेंद्रात पाठवणार, जिथं भेट फक्त रविवारी. मामा इस्पितळातच जेवणाचं ताट परत पाठवत होते. त्या केंद्रात ते किती दिवस काढतील, याचा विचारसुद्धा सारंगला नको होता.

पट्टी जोडायला घरची दोन सज्ञान माणसं लागत होती. दोघांनी घरात एकाच वेळी हजर राहून बटण दाबायचं. राउटरच्या हिशेबी या घरात घरची माणसं दोनच होती, मामा आणि मामी. त्यातले मामा मिरजेला पडले होते. उरला सारंग, तर तो पाहुणा.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," सारंग पुटपुटला आणि मुकाट्यानं चहा प्यायला.

या राउटरचं नाव उंबरा. मामांनीच तो हौसेनं आणला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला बाजारात नवीन आलेलं कुठलंही यंत्र घरी आणल्याशिवाय झोप लागत नसे. भिंतीला लावून त्यांनी एक बटण दाबलं आणि सारंगकडे वळून म्हणाले, "बघा सारंगराव, पासवर्ड नाही की फिसवर्ड नाही. यंत्र आपणहून ओळखतंय घरचा कोण आणि बाहेरचा कोण."

ते कसं ओळखतं, हे समजून घ्यायला हवं. राउटरमधून निघणाऱ्या बिनतारी लहरी घरभर पसरतात आणि भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून परत येतात. माणूस म्हणजे बराचसा पाणीच, आणि पाणी या लहरींना गिळतं, वळवतं. त्यामुळे माणसानं नुसती कूस बदलली तरी परत येणाऱ्या लहरींचा नूर बदलतो. श्वासाबरोबर छाती गव्हाच्या दाण्याएवढी वर येते, तेवढंही राउटरला कळतं. ना कॅमेरा, ना माइक. पण कोण चाललं, कोण उठलं, कोणाचा श्वास अडखळला, सगळं त्याला ठाऊक.

पूर्वी लोक पासवर्ड विसरायचे. मग बटण आलं. ते दाबलं की पुढची दोन मिनिटं जवळ असेल ती वस्तू जोडली जायची, आणि जिन्यात उभा राहिलेला चोरही जोडून घ्यायचा. मग कंपन्या म्हणाल्या, यंत्रालाच घरचा माणूस ओळखू द्या. आता घरचा माणूस ओळखायचा कसा? जो रात्री झोपतो तो, म्हणावं तर भाडेकरूही झोपतो. जो स्वयंपाकघरात जातो तो, म्हणावं तर कामाच्या मावशीही जातात. हजारो घरांतल्या लहरी तपासून शास्त्रज्ञांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली, तेव्हा त्यातल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की येणाऱ्याकडे बघूच नका, बसलेल्यांकडे बघा. घरचा माणूस खोलीत आला की बसलेल्यांचं काहीही होत नाही. कोणी मानसुद्धा वर करत नाही. पाहुणा आला की मात्र पदर सावरला जातो, सोफ्यावरचे पाय खाली येतात, पाठ ताठ होते, श्वास क्षणभर थांबतो. या न हलण्याला त्यांनी निवांतांक असं नाव दिलं. ज्याच्या येण्यानं कोणी हलत नाही त्याचा निवांतांक मोठा, आणि तो घरचा. खोलीत कोणी आलं की दिवाही त्याप्रमाणे आपोआप हिरवा किंवा पिवळा होतो.

आता यात मेख अशी की मामांनी हे यंत्र नेमकं अधिक महिन्यात बसवलं. म्हणजे धोंड्याच्या महिन्यात. ज्या महिन्यात जावयाला नारायण मानून पाटावर बसवतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात, पाया पडतात, त्याच महिन्यात उंबरा भिंतीवर बसून या घराची रीत शिकत होता. सारंग खोलीत पाऊल टाकायचा आणि दोन म्हातारी माणसं ताडकन उभी राहायची. मामींनी दोन पाट मांडले होते. एकावर सारंग बसला, दुसरा रिकामा होता.

दुसरा पाट ऋतुजाचा. ऋतुजा म्हणजे मामा-मामींची एकुलती एक मुलगी आणि सारंगची बायको. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. दिवसकार्यासाठी म्हणून सारंग पुण्याहून सांगलीला आला, त्यातच मामांचं छातीचं दुखणं निघालं, आणि तो थांबला तो थांबलाच. पुलांचे आराखडे तपासायचं त्याचं काम कुठूनही होण्यासारखं होतं. पाहुण्यालाही उंबरा नेट देत होता, त्यामुळे आजवर त्याचं अडलंही नव्हतं. पिवळा तर पिवळा, असं म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

चहा संपवून त्यानं कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा आवाज यंत्राचाच होता, पण तुपात घोळलेला.

"नमस्कार. आपण चौगुले यांच्या घरून बोलत आहात. आपण पाहुणे आहात. यजमानांना फोन देता का?"

"यजमान इस्पितळात आहेत. त्यांच्यासाठीच फोन केलाय. मला घरचा करा."

"घरचं माणूस आम्ही करत नाही, ते घरातूनच व्हावं लागतं," आवाज म्हणाला. "आपला निवांतांक फार कमी आहे. आपण खोलीत आलात की शैलजा चौगुले प्रत्येक वेळी उठतात."

"अहो, त्या स्वतः सांगताहेत की हा घरचा आहे. त्यांचं म्हणणं घ्या की."

"क्षमा करा. एकट्या ज्येष्ठांना धमकावून लोक तसं म्हणायला लावत होते, म्हणून कायद्यानं ती सोय बंद केली आहे. उंबरा स्वतः पाहील तेच खरं. मात्र शेवटच्या काही वेळांना तो जास्त वजन देतो. त्यांनी उठायचं थांबवलं तर एकदोन दिवसांत फरक पडू शकेल. आपला दिवस निवांत जावो."

सारंगनं फोन सोफ्यावर आपटला. मग स्वयंपाकघरात गेला. मामी खाली बसून शेंगा सोलत होत्या, त्याला पाहताच उभ्या राहिल्या.

"मामी, एक सांगायचंय. मी आलो की उठायचं नाही."

"मी कुठं उठते?" मामी उभ्या उभ्या म्हणाल्या.

सारंगनं सगळं समजावून सांगितलं. लहरी सांगितल्या, निवांतांक सांगितला, शुक्रवार सांगितला. मामा घरी येणं यावर अडलंय म्हटल्यावर मामींचा चेहरा गंभीर झाला. "एवढंच ना? नाही उठत," त्या म्हणाल्या. "बसून राहायला काय कष्ट पडतात?"

कष्ट पडत होते. सारंग बाहेर जाऊन परत आला की मामी अर्ध्या उठायच्या, मग आठवण होऊन धपकन बसायच्या. दिवा पिवळा. मग त्यांनी मांडीवर गव्हाची परात घेतली, म्हणजे उठताच येऊ नये. सारंग आत आला. मामी जागच्या हलल्या नाहीत, पण परातीतले गहू उडाले. दिवा पिवळा, आणि सारंगच्या मोबाइलवर खुलासा, की शैलजा चौगुले यांचा श्वास थांबला.

"श्वास कशाला थांबवता मामी?"

"मी थांबवत नाही ओ, तो थांबतोय," मामी कळवळून म्हणाल्या.

मग सारंगला वाटलं, आपणच घरच्यासारखं वागावं म्हणजे यांना सवय होईल. त्यानं बनियन आणि अर्धी चड्डी चढवली, दिवाणखान्यात फतकल मारली आणि पाय टीपॉयवर ठेवले. मामी आल्या, त्यांनी पाहिलं आणि आत जाऊन पायांखाली ठेवायला मऊ उशी घेऊन आल्या. तो माठातून पाणी घ्यायला गेला तर झाकणाच्या आवाजासरशी मामी धावत आल्या. त्यानं स्वतःची कपबशी विसळायला घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवा ती खाली. मला पाप लागायचं." मामींनी उठू नये म्हणून जे जे तो करत होता, त्यानं त्यांची धावपळ दुपटीनं वाढत होती. जावई दहावा ग्रह म्हणतात. नऊ ग्रहांची शांत करता येते, या दहाव्याला शांत बसता येईना.

दुपारी मामांचा फोन आला. पडद्यावर त्यांचे डोळे पार खोबणीत गेलेले दिसत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सारंगराव, जेवलात का?"

"मी जेवलो मामा. तुम्ही का जेवत नाही? सिस्टर सांगत होत्या."

"इथल्या आमटीला चव नाही. घरी आलो की जेवेन. शुक्रवारी नक्की ना? पट्टी जोडली का? एक बटण दाबायचं, झालं. अगदी सोपं आहे."

"सोपं आहे," सारंग म्हणाला. त्याला त्या क्षणी ते खोकं भिंतीतून उपटून विहिरीत टाकावंसं वाटलं, पण सांगलीत आता विहिरी तरी कुठं उरल्या होत्या.

बुधवार उजाडला तरी दिवा पिवळाच. दुपारी सारंग औषधं घेऊन आला, दारात चपला काढल्या, खोलीत पाऊल टाकलं. सोफ्यावर बसलेल्या मामी उठल्या. नेहमीसारख्याच, काही न शिकवल्यासारख्या.

सारंगचा तोल गेला. "किती वेळा सांगायचं मामी? दोन दिवस झाले घसा कोरडा करतोय. तिकडं मामा उपाशी बसलेत आणि तुम्हाला एक उठणं सोडवत नाही? मी काय देव आहे का पाहुणा आहे? दोन वर्षं इथं राहतोय मी. दोन वर्षांत एकदा तरी म्हणालात का, सारंग, जरा दूध घेऊन ये म्हणून? कसला जावई घेऊन बसलात? ज्या नात्यानं जावई होतो ते नातंच राहिलं नाही. ऋतुजा नाही मामी. मी कोणाचा जावई?"

ऋतुजाचं नाव त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. हे नाव या घरात कोणी मोठ्यानं घेत नसे.

मामी उभ्याच होत्या. त्यांनी सोफ्याचा हात धरला.

"तुमच्यासाठी कोण उठतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढं यायचा पिशव्या घेऊन. ती कायम मागं. दारात बसून चपलेचे बंद सोडत बसायची. मी म्हणायचे, किती वेळ लावतेस गं, आत ये. तुम्ही आत आलात की मला वाटतं, आता मागून ती येईल. मी उठून दाराकडं बघते. रोज बघते. दिवसातनं जितक्या वेळा तुम्ही येता तितक्या वेळा बघते. ते तुमचं यंत्र बरोबर सांगतंय. माझा श्वास थांबतो."

सारंग तिथंच खुर्चीवर बसला. दोन वर्षं त्याला या मानपानाचा वैताग आला होता. मित्रांना सांगून तो हसला होता. म्हातारीला रीत सोडवत नाही, असं त्यानं कितीदा मनात म्हटलं होतं. आणि ती रीत नव्हतीच. त्याला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

"राहू द्या मामी," तो म्हणाला. "उठा तुम्ही. खुशाल उठा. मी बघतो दुसरं काहीतरी."

दुसरं काही नव्हतं. त्यानं इस्पितळात फोन केला, विनवण्या केल्या, वरच्या डॉक्टरांपर्यंत गेला. सगळे चांगलं बोलले आणि सगळ्यांनी नाही म्हटलं. शेजारचे मगदूम घरी येऊन बटण दाबायला तयार झाले, पण मगदूम तर पाहुण्यांहून पाहुणे. इस्लामपूरच्या मामेसासऱ्यांना बोलावून उपयोग नव्हता, ते आले की मामी उठून वर नवीन चादर घालणार. सारंग बाहेर पायरीवर येऊन बसला. एक बटण दाबायचं, अगदी सोपं. ही सोपी जोडणी ज्यानं काढली त्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेत, असं त्याला वाटत राहिलं. पण सुनवणार काय? यंत्र खोटं बोलत नव्हतं.

पाठीमागं दार वाजलं. मामी येऊन उभ्या होत्या. तोंड धुतलेलं होतं.

"चपला घाला," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत जा आणि आत या."

"मामी, नको."

"जा म्हणते ना. एक गेली ती गेली. दुसरा तिकडं न जेवता बसलाय, त्याला तरी आणायला पाहिजे. मी बसते आत. तुम्ही या."

मग सुरू झाली ती कवायत. सारंग फाटकापर्यंत जायचा, वळायचा, पायरी चढायचा, चपला काढायचा, आत यायचा. मामी सोफ्यावर हात मांडीत घट्ट धरून बसलेल्या असायच्या. तो आत आला की त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून दाराकडं जायची. जायचीच. दार रिकामं असायचं. तेवढं बघून झालं की त्या म्हणायच्या, "पुन्हा." सारंग पुन्हा चपला घालायचा.

पलीकडच्या गच्चीवरून मगदूम बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "काय ओ जावई, काय विसरलं का काय?"

"होय," सारंग म्हणाला.

"सापडंना व्हय?"

"नाही."

"मग आत बसून आठवा की निवांत. उन्हाचं किती हिंडताय?"

निवांत हा शब्द ऐकून सारंगच्या मस्तकात तिडीक गेली, पण मगदूमांचा त्यात काय दोष. तो पुन्हा आत गेला. मामींनी पुन्हा दाराकडं बघितलं. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं. एकदा त्यांना रडू आलं. सारंग थांबला, तर त्या हातानंच म्हणाल्या, की जा, थांबू नका. एकदा त्याचाच पाय उंबरठ्यात अडखळला आणि नकळत त्यानंही मागं वळून पाहिलं. मागं फक्त त्याच्या चपला होत्या, एक सरळ आणि एक उलटी पडलेली.

दिवेलागणीला मामी म्हणाल्या, "आज बास. पाय दुखले असतील तुमचे." आणि त्यांनी जेवायला वाढलं. उंबरा पिवळाच होता. आज चहाबरोबर मामींनी अख्खं बिस्किट आणलं होतं की मोडकं, हे बघायचं सारंगला भान नव्हतं.

गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. पण आता त्यात काहीतरी फरक पडला होता. मामींची नजर दाराकडं जात होती, पण पोचायच्या आधी अर्ध्या वाटेतून परत येत होती. त्या थकल्या होत्या. सारंगही थकला होता. माणूस सारखं सारखं किती वेळ कोणाची वाट बघू शकतो, याचीच जणू ती परीक्षा होती, आणि मामी त्या परीक्षेत हळूहळू नापास होत होत्या. सारंगला ते बघवत नव्हतं. तो फाटकापाशी थांबला की त्याला वाटायचं, आत जाऊच नये. पण शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता.

दुपारी मामी म्हणाल्या, "लिंबं संपलीत. सरबतापुरती घेऊन या. तुमच्या मामांना आल्या आल्या लागेल."

सारंग कोपऱ्यावरच्या गाड्याकडं गेला. लिंबं घेतली, कोथिंबीरही घेतली, गाडेवाल्याशी वाद घालून दोन मिरच्या जास्तीच्या घेतल्या. घरी आला. आपण कवायत करतोय हे या वेळी त्याच्या डोक्यात नव्हतं. तो दारातून आत शिरला तेव्हा मामी जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मिळाली का?" त्या म्हणाल्या.

"मिळाली. जरा लहान आहेत."

"चालतंय. तिथं ठेव."

सारंगनं पिशवी टेबलावर ठेवली, आणि मग त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. दिवा हिरवा होता.

त्याला वाटलं होतं, हिरवा दिवा दिसला की आपण ओरडू, मामींना उचलून घेऊ, मगदूमांना हाक मारू. त्यातलं काही त्यानं केलं नाही. तो नुसता उभा राहिला. मामींच्या बोटांत मेथीची काडी होती, ती त्यांनी मोडली आणि पानं टोपलीत टाकली.

"झालं का?" त्यांनी खाली बघूनच विचारलं.

"झालं मामी."

"मग दाबू या चला."

दोघांनी बटण दाबलं. पट्टी जोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अगदी सोपं होतं.

शुक्रवारी दुपारी सारंगनं मामांना गाडीतून आणलं. पट्टी त्यांच्या छातीवर होती आणि ठोक्यांचा आकडा दिवाणखान्यातल्या पडद्यावर दिसत होता. पायरी चढताना मामांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, त्यानं दारात चपला काढायला हात दिला, आणि दोघं आत आले. अंथरूण तयार होतं. मामी शेजारी बसून लसूण सोलत होत्या. मामांना बघून त्यांचे ओठ थरथरले, पण त्या जागच्या उठल्या नाहीत.

मामांच्या कपाळाला आठी पडली. बायको नवऱ्यासाठी उठली नाही याचं त्यांना काही नव्हतं. "अगं, जावई उभा आहे," ते म्हणाले. "बसलीस काय?"

आणि असं म्हणता म्हणता त्यांनी मान वळवली. सारंगच्या खांद्यावरून त्यांची नजर उघड्या दाराकडं गेली आणि तिथं थांबली. पडद्यावरचा आकडा एकदम वर गेला. सारंगनं त्यांचा दंड घट्ट धरला. म्हणजे मामाही. इतके दिवस हेही बघत होते, आणि दोघं एकमेकांशी एका शब्दानंही बोलले नव्हते.

मामींनी ते पाहिलं. त्यांनी लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

"आता कोणी यायचं नाही ओ," त्या मामांना म्हणाल्या. "आहोत तेवढेच." मग सारंगकडं वळल्या. "दार लावून घे."

सारंगनं मामांना अंथरुणावर बसवलं, दार लावलं आणि सरबत करायला आत गेला. तो ग्लास घेऊन बाहेर आला तेव्हा कोणीही उठलं नाही.